रंगाखालचें लाकूड

यंदाच्या वार्षिकांत आम्हीं कांहीं लिहावें असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हां प्रथम मनांत आलें कीं भूगोल किंवा इतिहास या विषयांवर एखादा उपयुक्त निबंध लिहून द्यावा. वर्गांत आम्ही तेंच करीत असतों. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत ज्या गोष्टीनें आम्हांस सर्वांत अधिक शिकविलें, ती कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नाहीं. ती आमच्या गांवच्या घरामागें, वाघोटण खाडीच्या कांठीं, माडांच्या सावलींत असते. ती एक जुनी शिडाची होडी आहे. ती पुन्हां पाण्यांत कशी उतरली आणि त्यापूर्वीं तिच्या रंगाखालून काय काय निघालें, तें आज सांगावयाचें आहे. त्यांत आमची एक मोठी चूकहि आहे. शिक्षकानें आपली चूक विद्यार्थ्यांपुढें मांडावी कीं नाहीं, याविषयीं मतभेद असूं शकेल. मांडावी, असें आम्हांस अनुभवांतीं वाटूं लागलें आहे.

वाघोटण खाडी विजयदुर्ग किल्ल्यापाशीं समुद्रास मिळते. तेथून जवळच खाडीच्या कांठीं मराठ्यांच्या आरमाराची जुनी गोदी आजहि पाहावयास मिळते. म्हणजे नावा ओढून वर घेणें, दुरुस्त करणें व भरतीवर पुन्हां सोडणें हा या पाण्याचा फार जुना उद्योग होय. आमचे वडील खाडीपलीकडच्या एका प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. जाण्यायेण्याच्या सोयीसाठीं त्यांनीं १९७४ सालीं एका गाबीत गृहस्थाकडून ही होडी विकत घेतली. लांबी बावीस फूट. फळ्या सागाच्या, आंतले वांक आईनाचे, डोलकाठी किंचित् पुढें झुकलेली आणि तिरप्या लांब परबाणाला बांधलेलें एकच शीड. घेतली तेव्हांच ती जुनी होती, म्हणून घरांत तिला ‘म्हातारी’ म्हणत. वडिलांनीं तिला दुसरें नांव कधीं दिलेंच नाहीं.

मे महिना संपतां संपतां, पावसापूर्वीं, म्हातारीला ओंडक्यांवरून ओढून वर घ्यावयाचें, हा आमच्या लहानपणींचा वार्षिक सोहळा असे. मग तळ खरवडण्याचें काम आम्हां मुलांकडे येई. तळाला पांढरे, टणक, शंकूसारखे जीव चिकटलेले असत. त्यांस बार्नेकल म्हणतात. ते शिंपल्यांचे भाऊबंद असावेत असें आम्हांस वाटे. परंतु वडिलांनीं सांगितलें कीं हे शिंपल्याचे कोणी नव्हेत, हे खेंकडा व कोळंबी यांच्या कुळांतले. उलट लाकूड आंतून पोखरणारा जो लांबट, मऊ जीव असतो, ज्यास सर्व लोक किडा म्हणतात, तो किडा नसून खरोखर शिंपल्याच्या जातीचा आहे. त्याच्या डोक्याशीं दोन लहान शिंपा असतात व त्यांनीं तो लाकूड किसतो. वडील म्हणत, “दिसण्यावरून कूळ ठरवूं नका.” तें वाक्य आम्हीं वहींत लिहून घेतलें होतें. त्याचा अर्थ समजावयास मात्र पुष्कळ वर्षें लागलीं.

पोखरणाऱ्या या जिवाचें भय बार्नेकलहून मोठें. बाहेरून टांचणीच्या टोंकाएवढें छिद्र दिसतें आणि आंत फळीची चाळण झालेली असते. म्हणून तळाला चुना व तेल घोटून त्याचा जाड लेप द्यावयाचा आणि आंतल्या बाजूस मुशीच्या काळजाचें तेल चोळावयाचें. त्या तेलाचा वास आमच्या अंगास जून महिन्याचा पहिला आठवडाभर येत असे, व शाळेंत आमच्या बांकावर आमच्याशेजारीं बसावयास कोणी राजी नसे.

वडील २००९ सालीं निवर्तले. होडी आमच्याकडे आली. पण तिच्याबरोबर वडिलांचा धीर मात्र आला नाहीं. २०११ च्या मे महिन्यांत नाळेजवळ डाव्या बाजूस, पाण्याच्या रेषेखालीं, एका फळीला वीतभर चीर गेलेली आढळली. गांवांत एक वृद्ध सुतार आहेत. म्हातारी त्यांच्या वडिलांनीं बांधलेली. ते म्हणाले, फळी बदलावी लागेल. लाकूड आणावें, सुकवावें, मग पाहूं. आमची सुटी संपत आली होती. शिवाय पावसाळा संपतांच आमच्या कांहीं स्नेह्यांस होडींतून फिरविण्याचें आम्हीं कबूल करून बसलों होतों. तेव्हां आम्हींच एक युक्ति काढली. तांब्याच्या पत्र्याचा एक तुकडा आणला, तो चिरेवर बसविला आणि घरांत डब्यांत पडलेल्या लोखंडी खिळ्यांनीं ठोकून टाकला. वर निळ्या रंगाचे दोन हात दिले. ठिगळ कोठें आहे हें सांगूनहि कोणास दिसलें नसतें. सुतारांस आम्हीं कांहीं सांगितलें नाहीं. स्नेह्यांनीं होडीची फार वाखाणणी केली.

आतां, आम्ही शाळेंत विज्ञानहि शिकवितों. म्हणून ही चूक अधिकच लाजिरवाणी. खाऱ्या पाण्यांत तांबें व लोखंड एकमेकांस लागून राहिलीं म्हणजे तेथें एक प्रकारची विद्युत्-घटमालाच तयार होते व तींत लोखंड झिजत जातें. इंग्लंडच्या आरमारानें ही गोष्ट अठराव्या शतकांतच अनुभवली होती. १७६१ सालीं ‘अलार्म’ नांवाच्या युद्धनौकेच्या तळास पोखरणाऱ्या जिवापासून रक्षण व्हावें म्हणून तांब्याचे पत्रे मारले. १७६३ सालीं तपासणी झाली, तेव्हां पत्रे चांगले होते. परंतु त्यांस लागून असलेले लोखंडी खिळे पार खाल्ले गेले होते. पत्रे ज्या कागदांत गुंडाळून आले होते, तो कागद कांहीं ठिकाणीं चुकून मध्येंच राहिला होता. तेथील खिळे मात्र शाबूत निघाले. पुढें १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही यांनीं याच तत्त्वाचा उलट उपयोग सुचविला: तांबें वांचवावयाचें असेल तर त्यास जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडावा, म्हणजे तांब्याऐवजीं तो तुकडा झिजेल. तांबें खरोखरच वांचलें. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळें दूर राहणारे बार्नेकल पुन्हां येऊन चिकटूं लागले! तथापि तें तत्त्व खोटें नव्हतें. आजहि पोलादी जहाजांच्या तळास जस्ताचे ठोकळे लावितात, ते याच कारणासाठीं. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. परीक्षेंत विचारलें असतें तर पूर्ण गुण मिळाले असते. मात्र हातांत हातोडा घेतला त्या वेळीं तें ज्ञान आमच्या हातापर्यंत पोहोंचलें नाहीं.

चार वर्षें कांहीं झालें नाहीं. दरवर्षीं आम्ही त्या जागीं थोडा जाड रंग देत होतों, आणि त्यामुळें आपण काळजी घेत आहों असा आपलाच समज करून घेत होतों.

२०१५ च्या दिवाळीच्या सुटींत आमची आठ वर्षांची धाकटी कन्या व आमचा पुतण्या यांस घेऊन आम्ही खाडींत गेलों. दुपारीं वारा वाढला. होडी डाव्या कुशीवर कलली आणि नाळेजवळ कांहींतरी सुटल्यासारखा आवाज झाला. पाहतों तों त्या फळीशेजारून पाणी नळासारखें आंत येत होतें. आम्हीं शिडाचा दोर सोडला, शीड खालीं आणलें, अंगांतला सदरा काढून फटींत कोंबला व त्यावर पाय देऊन बसलों. पुतण्या डब्यानें पाणी उपसूं लागला. पाणी घोट्यावरून पोटऱ्यांपर्यंत आलें. कन्या डोलकाठीला मिठी मारून उभी होती. ती रडली नाहीं, एक शब्दहि बोलली नाहीं. सुदैवानें यंत्राची एक मासेमारीची होडी जवळून जात होती. तिनें आम्हांस दोर टाकून किनाऱ्यास आणलें. कोणास इजा झाली नाहीं. देवाचे उपकार मानून आम्ही घरीं आलों.

त्या सायंकाळीं शेजारीपाजारी जमले. जो तो म्हणे, “होडी म्हातारी झाली, दुसरें काय!” आम्हींहि मान हलविली. तेवढी मान हलविणें, विद्यार्थिमित्रांनो, ही त्या दिवसाची खरी दुर्घटना होय. त्या क्षणीं खरें सांगतां आलें असतें. आम्हीं तें सांगितलें नाहीं, आणि बिचाऱ्या म्हातारीवर दोष जाऊं दिला.

त्यानंतर कन्येनें होडींत पाऊल टाकलें नाहीं. पुलावरून जातांनासुद्धां ती खाडीकडे पाहत नसे. आम्हीं होडी वर ओढली, ओलींच झापें अंगावर टाकलीं आणि सात वर्षें तिच्याकडे ढुंकून पाहिलें नाहीं. कारण विचारल्यास आम्ही म्हणत असूं, सवड नाहीं. खरें कारण असें कीं, ती दिसली म्हणजे तो पत्रा आठवे.

२०२२ च्या दिवाळींत घराची डागडुजी चालली असतां कोणी सुचविलें कीं ती जुनी होडी फोडून सरपण करावें आणि हवी असल्यास फायबरची एक घ्यावी. सूचना वावगी नव्हती. फायबरच्या होडीला कीड लागत नाहीं, ती हलकी असते, तिचे सांधे दरवर्षीं भरावे लागत नाहींत. परंतु सरपण म्हटल्याबरोबर वडिलांचे तेल लागलेले हात डोळ्यांपुढें आले. आम्ही वृद्ध सुतारांकडे गेलों व येतांना, मोठ्या उत्साहानें, रंगाचा नवा डबा घेऊन आलों. त्यांनीं डब्याकडे पाहिलें, आणि म्हणाले, “मास्तरांनू, रंगाचो डबो बाजूक ठेवा. आदी लाकडाक विचारूया.”

लाकडास विचारणें म्हणजे काय, तें आम्हीं त्या दिवशीं पाहिलें. एका हातांत लहान मोगरी, दुसऱ्या हातांत टोंचा. मोगरीनें फळीवर वीतवीत अंतरावर ठोकावयाचें आणि ऐकावयाचें. निरोगी लाकूड खणखणीत आवाज देतें. कुजलेलें लाकूड उशीवर ठोकल्यासारखें मुकें राहतें. जेथें आवाज मुका, तेथें टोंचा लावावयाचा. चांगल्या सागांत त्याचें टोंक जेमतेम रुततें. कुजक्या लाकडांत तो लोण्यांत शिरावा तसा शिरतो. जेथें शिरला, तेथें खडूनें फुली. आमची कन्या आतां पंधरा वर्षांची झाली होती. ती दूर पडवींत पुस्तक घेऊन बसली होती; थोड्या वेळानें पुस्तक तेथेंच राहिलें आणि ती खडू हातीं घेऊन सुतारांच्या मागोमाग चालूं लागली.

एका गोष्टीचें आम्हांस मोठें नवल वाटलें. फुल्या तळाशीं थोड्या आणि वर, कांठांजवळ व आंतल्या कोपऱ्यांत, पुष्कळ पडल्या. समुद्राच्या पाण्यांत सदैव राहणारा भाग धड, आणि पाण्याबाहेर असणारा भाग कुजका, हें कसें? सुतार म्हणाले, “खारां पाणी तिका राखता, पावसाचां पाणी तिका खाता.” यांत शास्त्र आहे. लाकूड कुजविणारी बुरशी गोड्या पाण्याच्या ओलाव्यांत व कोंडलेल्या हवेंत फोंफावते. मीठ तिला मानवत नाहीं. परदेशांत लाकडी जहाजें बांधणारे कांहीं लोक वांकांमधील पोकळींत मुद्दाम मीठ भरीत असत, तें यासाठींच. आमच्या गळक्या झापांखालीं मात्र सात पावसाळ्यांचें गोडें पाणी साचलें होतें आणि वारा खेळावयास वाव नव्हता. त्या अपघातानें होडीची एक फळी गेली होती. आमच्या लाजेनें तीन फळ्या आणि दोन वांकांचीं टोंकें घालविलीं.

शेवटीं सुतार नाळेजवळ आले. रंगाचे थर खरवडतांच तांबें चमकलें. त्यांनीं पटाशी लावून पत्रा उचलला. खिळे निघाले नाहींत, कारण खिळे उरलेच नव्हते. छिद्रांतून तांबडी भुकटी खालीं सांडली. सुतार कांहीं बोलले नाहींत. कन्येनें ती भुकटी बोटावर घेतली, क्षणभर पाहिली आणि विचारलें, “पप्पा, हे खिळे कोणीं मारले?”

सात वर्षें ज्या प्रश्नास आम्ही भीत होतों, तो अखेर आला. आम्ही म्हणालों, “मीं मारले. पत्राहि मींच लावला, आणि वरून रंगहि मींच दिला. त्या दिवशीं होडीचा कांहीं दोष नव्हता.”

ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग तिनें खडू घेतला आणि त्या जागीं एक मोठी फुली काढली. सबंध होडीवरील ती सर्वांत मोठी फुली होती. रागावली असती तर आम्हांस सोपें झालें असतें.

काम १९२३ चें नव्हे, २०२३ चें असलें तरी तें जुन्याच रीतीनें झालें. मे महिन्याच्या सुटींत सुकविलेला साग आला. सुतारांपाशीं नकाशा नव्हता. दोरी, डोळा आणि जुन्या फळीचें माप एवढ्यावर त्यांनीं नवी फळी तासली. ती वांकविण्यासाठीं पाण्यानें भिजवीत जाळावर धरली. हळूहळू शेकत गेली तशी ती वळली, आणि ऊन असतांनाच आम्हीं सहा जणांनीं ती दाबून वांकांवर बसविली. खिळे सर्व तांब्याचे. खिळ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतों: खिळ्यावांचूनहि जहाज होऊं शकतें. अजिंठ्याच्या लेण्यांतील एका चित्रावरून, काथ्याच्या दोरीनें फळ्या शिवून बांधलेलें एक शिडाचें जहाज फेब्रुवारी २०२५ मध्यें गोव्यांत पाण्यांत उतरलें व २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें ‘कौंडिण्य’ या नांवानें आपल्या नौदलांत दाखल झालें. ज्यांस शक्य असेल त्यांनीं त्याचीं छायाचित्रें अवश्य पाहावींत.

मग सांधे भरण्याचें काम. कापसाची पिळलेली वात सांध्यांत घालावयाची आणि बोथट पटाशीनें ठोकून बसवावयाची. वर राळ व तेल कढवून केलेला लुकण. आम्हांस वाटे, जितकें अधिक भरूं तितकें चांगलें. सुतारांनीं आमच्या हातून मोगरी काढून घेतली. लाकूड पाण्यांत फुगतें, आणि तेंहि धाग्याच्या आडव्या दिशेनें. लांबींत त्याची वाढ जवळजवळ होतच नाहीं. म्हणून फळ्या फुगून रुंदावतात व आपले सांधे आपणच आवळतात. सांधा आधींच गच्च भरला, तर फुगणाऱ्या फळीस जागा उरत नाहीं व ती वांकांवरून उचलली जाते. तेव्हां भरावें, पण फळीस स्वतःचें काम करावयास थोडी जागा ठेवावी. मुलांना शिकविणाऱ्या माणसानें हें ऐकून थोडा वेळ थांबावें, असें आम्हांस वाटलें, व आम्ही थांबलों.

जुन्या सुती शिडाची उंदीर व बुरशी यांनीं वाट लावली होती. आमच्या पत्नींनीं जाड मांजरपाटाचे पट्टे शिवून नवें शीड केलें. शीड चादरीसारखें सपाट नसतें. त्यास वारा धरण्यापुरतें पोट लागतें, व तें पट्ट्यांच्या शिवणी किंचित् वांकड्या घेऊन साधावें लागतें. शिवून झाल्यावर तें आईनाच्या सालीच्या काढ्यांत बुडविलें, म्हणजे बुरशी लवकर धरत नाहीं. त्याचा रंग विटकरी झाला.

या दिवसांत कोणी खर्चाविषयीं हटकलें म्हणजे आम्ही ‘ट्रिंकोमाली’ जहाजाची गोष्ट सांगत असूं. ही युद्धनौका १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं सागाची बांधली गेली. इंग्लंडांत हार्टलपूल येथें १९९० पासून २००१ पर्यंत तिची दुरुस्ती चालली होती, आणि दोनशें वर्षें उलटून गेलीं तरी ती तेथें पाण्यावर उभी आहे. सागाचें लाकूड सहसा वयानें मरत नाहीं. तें दुर्लक्षानें मरतें.

१४ नोव्हेंबर २०२३, मंगळवार. दिवाळीची अमावास्या होऊन गेलेली, खाडीस उधाणाची भरती. भांगाच्या दिवसांत पाणी आमच्या माडांपर्यंत येत नाहीं, म्हणून होडी उतरवावयास उधाणच गांठावें लागतें. गांवचीं पंधरा-वीस माणसें आलीं. ओंडके घातले, दोर धरले आणि दुपारीं पाणी पूर्ण चढतांच म्हातारी सरकत सरकत खाडींत शिरली. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. कन्या किनाऱ्यावर उभी होती. आणि तेवढ्यांत होडीच्या तळांतून, एका जागीं नव्हे, वीस जागीं, पाणी झिरपूं लागलें.

कन्येचा चेहरा पांढरा फटफटीत पडला. आमचाहि पडला असावा. सुतार मात्र कांठावर विडी ओढीत बसले होते. ते म्हणाले, “घाबरू नको गो चेडवा. ती बुडणा नाय, पाणी पिता.” आठ वर्षें उन्हांत व कोरड्या हवेंत आकसलेलें लाकूड आधीं तहान भागवील, मग फुगेल, मग सांधे मिटतील. तोंवर तिला उथळ पाण्यांत बांधून ठेवावयाचें आणि वाट पाहावयाची.

“पण हें पिणें आहे कीं बुडणें, तें ओळखावयाचें कसें?” कन्येनें विचारलें. फार योग्य प्रश्न होता, आणि तो विचारण्याचा तिच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणास नव्हता. सुतार म्हणाले, मोजून पाहा: रोज कमी होतें तें पिणें, वाढतें तें बुडणें.

तेव्हां तिनें वही काढली. ठराविक वेळीं आम्हीं पाणी उपसावयाचें, किती डबे निघाले तें तिनें लिहावयाचें. पहिल्या दिवशीं तासाला अकरा डबे निघाले. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तासाला चार. तिसऱ्या दिवशीं सकाळीं एक. चौथ्या दिवशीं रात्रभरांत मिळून दोन डबे. नाळेजवळच्या नव्या फळीपाशीं तिनें वेगळा रकाना केला होता. तेथें पहिल्यापासून शून्य होतें, तरी ती दर वेळीं कंदील धरून पाही आणि शून्य पुन्हां लिही. आमच्या शब्दावर तिनें विश्वास ठेवला नाहीं. आम्हांस याचें वाईट वाटलें नाहीं. त्या फळीविषयीं आमच्या शब्दाची किंमत आम्हींच घालविली होती.

पांचव्या दिवशीं सकाळीं ती सुतारांचा टोंचा मागून घेऊन आली, होडींत उतरली, आणि आंतल्या बाजूनें नाळेपासून सुकाणूपर्यंत प्रत्येक फळी तिनें स्वतः टोंचून पाहिली. बरोबर आठ वर्षांनीं तिचे पाय त्या होडीस लागले होते. आम्ही कांठावर उभे होतों. तपासनीस वर्गांत आले म्हणजे शिक्षकाची जी स्थिति होते, ती आमची झाली होती. शेवटीं तिनें वही मिटली व म्हणाली, “वारा बरा आहे. जाऊं या.”

त्या दिवशीं आम्ही विजयदुर्गाचा तट समोर दिसेपर्यंत गेलों आणि भरतीबरोबर परत आलों. वाटेंत फारसें बोलणें झालें नाहीं. ती डोलकाठीपाशीं बसली होती, पण तिनें डोलकाठी धरली नव्हती.

आतां दर मे महिन्यांत म्हातारी वर येते. तिची निगा कशी ठेवितों, तें थोडक्यांत सांगतों, कारण जुनी कोणतीहि वस्तु ज्यांच्या घरीं असेल त्यांस तें उपयोगी पडेल. आधीं तळ खरवडून धुतों. तळाच्या आंतल्या फळ्या उचलून वारा खेळूं देतों. वर छप्पर असें घालतों कीं पाऊस आंत येऊं नये, पण हवा कोंडूं नये. मग ठोकून, ऐकून, टोंचून पाहतों, आणि जेथें फुली पडेल तेथील लाकूड धड होईपर्यंत पुढचें काम करीत नाहीं. त्यानंतर तेल व चुना. रंग सर्वांत शेवटीं. रंग वाईट नव्हे. तो लाकडाचें रक्षण करितो. पण तो धड लाकडावर द्यावयाचा असतो, कुजक्या लाकडावर नव्हे.

सुतारांनीं तो टोंचा परत घेतला नाहीं. तो आतां होडींतच, सुकाणूजवळच्या खणांत असतो. कन्या पुढील शिक्षणासाठीं बाहेरगांवीं गेली आहे. परंतु सुटींत आली म्हणजे प्रथम होडीकडे जाते, टोंचा काढते आणि नाळेजवळची ती फळी तपासते. आम्ही तिला कधीं अडविलें नाहीं. मागच्या खेपेस मात्र तिनें टोंचा आमच्या हातीं दिला व म्हणाली, “यंदा तुम्ही पाहा, पप्पा. मी लिहून घेतें.”